सरत्या वर्षातलं इंटरनेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ मध्ये मोबाइल आणि इंटरनेटच्या बातम्यांवरून लोक मला जे सारखं विचारत राहिले, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न सोसायटीतल्या काकांचे, काही भावकीच्या ग्रुपवरचे, बरेचसे अनोळखी वाचकांचे. एकच गोष्ट चार ठिकाणी येत असेल तर एकदाच लिहिली आहे. माहिती डिसेंबर २०२५ अखेरपर्यंतची आहे. तुमचे पैसे आत्ताच, तासा-दोन तासांत गेले असतील तर बाकी काही वाचत बसू नका, थेट प्रश्न १८ वर जा.

१. एआय, चॅटजीपीटी, जेमिनी... हे सगळं एकच का?

नाही. एआय हा प्रकार झाला. चॅटजीपीटी आणि जेमिनी ही त्यातली दोन नावं. पहिलं ओपनएआय या अमेरिकी कंपनीचं, दुसरं गूगलचं. अफाट मजकुरावर शिकवलेली ही यंत्रं पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधत वाक्य जुळवतात. त्यामुळे भाषा सफाईदार असते, आणि माहिती चुकली तरी तितक्याच ठामपणे सांगितली जाते. अर्जाचा मसुदा, इंग्रजी नोटिशीचा मराठीत अर्थ, मुलाच्या गणिताची रीत यासाठी खुशाल वापरा. गोळी किती घ्यायची, सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे, कोर्टाची तारीख कधी, हे मात्र डॉक्टर, तलाठी आणि वकिलालाच विचारा.

२. गिबली आणि साडीवाले फोटो मीही बनवले होते. आता माझ्या फोटोचा गैरवापर होईल का?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चॅटजीपीटीत चित्रं काढायची नवी सोय आली आणि जो तो जपानच्या गिबली स्टुडिओच्या धाटणीत आपलं कुटुंब रंगवून घेऊ लागला. सप्टेंबरात गूगलच्या ‘नॅनो बनाना’ या चित्रं बनवणाऱ्या एआयची पाळी आली: शिफॉनची साडी, केसांत फूल, मागे मावळतीचं ऊन.

एक फोटो दिला म्हणून झोप उडवून घेऊ नका. तोच चेहरा इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपच्या डीपीवर आधीपासून आहे. दोन गोष्टी करा. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आपली संभाषणं आणि फोटो पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरू देण्याची परवानगी बंद करा. आणि अशी लाट आली की त्याच नावाची खोटी ॲप आणि संकेतस्थळं निघतात, ती टाळा. फोटोपेक्षा धोका तिथे जास्त आहे.

दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता टाकू नका. शाळेच्या ग्रुपवरून उचललेले मुलींचे फोटो असे फिरलेले मी पाहिले आहेत आणि त्यांच्या आयांचे फोनही घेतले आहेत. गिबलीबद्दल माझं मत विचाराल तर, १९८५ पासून हातानं एकेक चौकट रंगवत आलेल्या माणसांची शैली त्यांना न विचारता घ्यावी हे मला पटत नाही. मी ती चित्रं बनवणं सोडलं.

३. फोटो किंवा व्हिडिओ एआयचा आहे हे ओळखायचं कसं?

हाताची बोटं मोजून ओळखायचे दिवस गेले. गूगलच्या एआयनं केलेल्या चित्रांत ‘सिंथआयडी’ नावाची डोळ्यांना न दिसणारी खूण असते. चित्र जेमिनीत टाकून “हे गूगलच्या एआयनं बनवलंय का?” असं विचारता येतं. पण त्यात फक्त गूगलचंच सापडतं. खूण नाही म्हणजे चित्र खरं, असं होत नाही.

त्यापेक्षा प्रश्न बदला. चित्र खरं दिसतंय का हे बघण्याऐवजी ते पहिल्यांदा कोणी टाकलं आणि मी काय करावं असं त्याला वाटतं, हे बघा. ओळखीचा चेहरा एखादं ॲप घ्यायला किंवा शेअरमध्ये पैसे घालायला सांगत असेल तर व्हिडिओ खोटा धरून चाला. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या नावानं फिरणारा गेमिंग ॲपचा असा व्हिडिओ बनावट असल्याचं खुद्द सचिन तेंडुलकरला जाहीर करावं लागलं होतं. एआयच्या चित्रावर निदान १० टक्के जागेत ठळक लेबल असावं, असा मसुदा केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये हरकतींसाठी मांडला.

४. गणपतीत आमच्या मंडळानं एआय वापरून आशा भोसल्यांच्या आवाजात आरती केली. हे बेकायदा आहे का?

पुन्हा करू नका. आशाताई स्वतः मुंबई उच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस न्यायालयानं त्यांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला. नामवंताचा आवाज त्याच्या परवानगीशिवाय एआयनं बनवू देणं हे त्याच्या व्यक्तिमत्त्वावरच्या हक्काचं उल्लंघन आहे, असं त्यात म्हटलं आहे. त्याआधी जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या बाबतीत याच न्यायालयानं असाच आदेश दिला होता.

हे आदेश झाले ते अशी साधनं पुरवणाऱ्या आणि बाजारात विकणाऱ्यांविरुद्ध. मांडवात एकदा वाजलेल्या आरतीसाठी कोणी दारात येईल असं नाही; पण तीच आरती मंडळाच्या यूट्यूब चॅनेलवर टाकून त्यावर जाहिराती घेतल्या तर गोष्ट वेगळी होते. सत्तर-ऐंशी वर्षं रियाज करून घडलेला गळा आहे तो. गल्लीतल्या गाणाऱ्या मुलीला माइक द्या, मांडवाला जास्त शोभेल.

५. जिओवर जेमिनी फुकट, एअरटेलवर परप्लेक्सिटी फुकट, चॅटजीपीटीही फुकट. पुढे पैसे कापतील का?

जिओनं अनलिमिटेड ५जी प्लॅनवाल्यांना जेमिनीचा ३५,१०० रुपयांचा प्लॅन १८ महिने दिला, एअरटेलनं प्रश्नांची उत्तरं शोधून देणाऱ्या परप्लेक्सिटी या एआयचा ‘प्रो’ प्लॅन एक वर्ष, आणि ओपनएआयनं ४ नोव्हेंबरपासून ३९९ रुपये महिन्याचा ‘गो’ प्लॅन एक वर्ष. फुकट देण्याचं कारण सरळ आहे: भारतातल्याइतके ग्राहक आणि इतक्या भाषांतला वापर दुसरीकडे मिळत नाही.

नोंदणी करताना कार्ड किंवा यूपीआयची मंजुरी दिली असेल, तर मुदत संपल्यावर रक्कम आपोआप कापली जाऊ शकते. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ असा भाग असतो. तिथे कोणाकोणाला मंजुरी दिली आहे ते दिसतं आणि तिथूनच रद्दही करता येते. आपोआप रक्कम कापण्याआधी २४ तास कळवणं बंधनकारक आहे, पण तो संदेश जाहिरातींच्या गर्दीत हरवतो. आजच कॅलेंडरमध्ये तारीख टाकून ठेवा.

६. एका कंपनीत बिघाड झाला की अर्धं इंटरनेट बंद कसं पडतं?

कारण बहुतेक संकेतस्थळं स्वतःच्या घरात राहत नाहीत, मोजक्या दोन-चार मालकांच्या चाळीत भाड्यानं राहतात. २० ऑक्टोबरला अशाच एका मालकाच्या, ॲमेझॉनच्या, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात बिघाड झाला. यंत्रं ठीक होती, पण नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था चुकली, आणि पत्ता सापडेना म्हटल्यावर स्नॅपचॅटपासून कॅनव्हापर्यंत सगळे अडकले.

१८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअर पडलं; असंख्य संकेतस्थळांच्या दारात राखण करणारी ही कंपनी. तिथली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. संकेतस्थळावर येणारा माणूस आहे की यंत्र, हे ओळखायला ते एक फाइल वापरतात. डेटाबेसच्या परवानग्यांत केलेल्या एका बदलामुळे त्या फाइलमध्ये त्याच नोंदी दुसऱ्यांदा आल्या आणि ती दुप्पट मोठी झाली. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला आकाराची मर्यादा घालून दिलेली होती. ती ओलांडली तसा तो कोसळला, आणि एक्स व चॅटजीपीटी जगभर बंद. हल्ला कोणीच केला नव्हता. ‘चीननं इंटरनेट पाडलं’ हे त्या दिवशी ग्रुपवर फिरलेलं खोटं होतं.

७. यूपीआय अडकलं. पैसे कापले, दुकानदाराला पोचले नाहीत. पुन्हा पाठवू का?

थांबा. आधी व्यवहाराची स्थिती बघा. ‘प्रलंबित’ दिसत असेल तर दुसऱ्यांदा पाठवू नका. २६ मार्च आणि १२ एप्रिलला देशभर यूपीआय रखडलं तेव्हा घाईनं दोनदा पैसे भरलेले पुष्कळ जण भेटले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार माणसाला पाठवलेले पैसे पोचले नसतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराचे पाच दिवसांत परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ती बँकेनं आपणहून द्यायची असते. मिळाली नाही तर लेखी मागा.

८. घरातली मुलं सारखं ‘सिक्स-सेव्हन’ का ओरडतात?

अर्थ काहीच नाही, आणि मुलांना त्याचीच मजा आहे. अमेरिकेतल्या एका रॅप गाण्यातून ते आलं, सहा फूट सात इंच उंचीच्या एका बास्केटबॉलपटूच्या व्हिडिओंना चिकटलं आणि दोन्ही तळवे तराजूसारखे वरखाली करायची खूण त्याला जोडली गेली. डिक्शनरी डॉट कॉमनं ‘६७’ हाच २०२५ चा शब्द ठरवला. यात अश्लील काही नाही. ऑक्सफर्डचा २०२५ चा शब्द जास्त कामाचा आहे: ‘रेज बेट’, म्हणजे तुम्हाला चीड यावी आणि तुम्ही भांडायला यावं म्हणून मुद्दाम टाकलेला मजकूर. ग्रुपवर जातीवरून किंवा भाषेवरून पेटवायला आलेलं काही दिसलं की हा शब्द आठवा.

९. लाबूबू बाहुली घरात ठेवली तर अरिष्ट येतं, खरं का?

नाही. कासिंग लुंग या हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या चित्रकारानं युरोपातल्या लोककथांवरून २०१५ मध्ये ती रेखाटली. मेसोपोटेमियातल्या सैतानाशी तिचा संबंध समाजमाध्यमांवर जोडला गेला, त्याला आधार नाही. पाकिटात कोणती बाहुली निघेल हे आधी कळत नाही आणि मूल आणखी एक मागतं. काळजी करायचीच तर त्या सवयीची करा.

१०. विंडोज १० बंद झालं म्हणे. कॉम्प्युटर भंगारात काढू?

काढू नका. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला नेहमीचे सुरक्षा अपडेट येत नाहीत, पण कॉम्प्युटर चालतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन-इन करून सेटिंगचा बॅकअप सुरू केला तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा अपडेट मोफत मिळतात. यंत्रात ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय असेल तर विंडोज ११ चढू शकतं. नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घाला. मराठी त्यात उत्तम लिहिता येतं आणि जुन्या यंत्रावर ते हलकं चालतं.

११. आमच्या गावात टॉवर नाही. स्टारलिंक कधी येणार?

महाराष्ट्र सरकारनं ५ नोव्हेंबरला स्टारलिंकबरोबर, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीबरोबर, इरादापत्रावर सही केली. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव हे जिल्हे त्यात नावानिशी आहेत. शाळा, आरोग्य केंद्रं, सरकारी कार्यालयं आधी जोडायची असा बेत आहे. डिसेंबर २०२५ अखेर घरगुती जोडणी सुरू झालेली नव्हती. डिसेंबरात महिना ८,६०० रुपये असा दर फिरला, तो संकेतस्थळावर चुकून दिसलेला चाचणीचा आकडा होता, असं कंपनीनं सांगितलं. आगाऊ नोंदणीच्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. भामरागडच्या शाळेला नेट मिळालं तर मला मनापासून आनंद होईल, म्हणूनच सांगतो: जोडणी प्रत्यक्ष चालू झाल्याशिवाय तिची बातमी पुढे ढकलू नका.

१२. अरट्टै घ्यावं का? आणि टिकटॉक परत आलं का?

अरट्टै हे चेन्नईच्या झोहो कंपनीचं, २०२१ चं ॲप. तमिळमध्ये अरट्टै म्हणजे गप्पा. सप्टेंबरअखेर त्यावर एकदम गर्दी झाली तेव्हा कॉल कुलूपबंद होते, म्हणजे बोलणाऱ्या दोघांशिवाय कोणालाही, कंपनीलाही, ते ऐकता येत नव्हते; पण लेखी संदेशांना व्हॉट्सॲपसारखं संपूर्ण कुलूप नव्हतं. घ्यायला हरकत नाही. खाजगी कागदपत्रं पाठवण्याआधी सेटिंगमध्ये ते कुलूप दिसतंय का, तेवढं बघा. टिकटॉकवर जून २०२० पासूनची बंदी कायम आहे. ऑगस्टमध्ये संकेतस्थळ काहींना उघडलं, पण बंदी उठवल्याचा आदेश नव्हता.

१३. ड्रीम११ बंद झालं. मी खेळायचो, माझ्यावर केस होईल का? आणि दिवाळीतली तीनपत्ती?

ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. कौशल्य की नशीब हा भेद त्यानं ठेवला नाही; पैसे लावून रमी, पोकर, काल्पनिक क्रिकेट संघ, सगळं आलं. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, चालू आहेत.

दिवाळीतली समोरासमोर बसून पैसे लावलेली तीनपत्ती या कायद्यात येत नाही, तिला १८८७ चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा आहे. जुन्या ॲपमध्ये पैसे उरले असतील तर त्याच ॲपमधून काढा. ‘कमिशन द्या, अडकलेले पैसे काढून देतो’ असा फोन आला तर तो चोराचा.

१४. नातू मेलबर्नला असतो, १४ वर्षांचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या बंदीमुळे आमचा व्हिडिओ कॉल बंद होणार का?

नाही, आजी. १० डिसेंबरपासून तिथे १६ वर्षांखालच्यांना इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, टिकटॉक, एक्स, यूट्यूब अशा ठिकाणी खातं ठेवता येत नाही. व्हॉट्सॲप त्या यादीत नाही, तेव्हा रविवारचा कॉल चालूच ठेवा. खात्याशिवाय यूट्यूब बघायलाही आडकाठी नाही. दंड कंपन्यांना आहे. नातवाला किंवा त्याच्या आईवडिलांना नाही.

१५. मग भारतात मुलांसाठी काय नियम?

तशी बंदी नाही. १४ नोव्हेंबरला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले. १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळून घेतलेली संमती लागेल. हा भाग १८ महिन्यांनी लागू होतो.

१६. डिजिटल अरेस्ट म्हणजे नक्की काय? शिकलेली माणसं कशी फसतात?

पोलिसाचं सोंग घेऊन व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला अटक केली’ म्हणायचं आणि पैसे उकळायचे, ही ती फसवणूक. अशी अटक कायद्यातच नाही. व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक करता येत नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, कोर्ट, कोणीही नाही.

माझी मावशी सांगलीत एकटी राहते, निवृत्त मुख्याध्यापिका. सकाळी पावणेअकराला फोन: तुमच्या आधारवर मुंबईत सिम घेतलंय, त्यावरून गुन्हा झालाय. मग व्हिडिओ कॉल, खाकी गणवेश, मागे बोधचिन्ह. चार तास तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं. मध्ये कुकरच्या शिट्ट्या होऊ लागल्या तर तिनं विचारलं, “साहेब, गॅस बंद करून येऊ का?” तो म्हणाला, “कॅमेरा बरोबर घेऊन जा.” आयुष्यभर चारशे मुलांची शाळा चालवलेली बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला परवानगी मागत होती. शेजारीण रिकामा डबा परत द्यायला आली, तिनं मावशीचा चेहरा बघितला, फोन ओढून घेतला आणि बंद केला. ठेव मोडायला दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं ठरलं होतं, म्हणून पैसे वाचले.

तेव्हा ‘अशी कशी फसली’ असं कोणी म्हणालं की मला राग येतो. ही टोळी अक्कल तपासत नाही. ती माणसाला एकटं पाडते. कोणाला सांगायचं नाही, कॉल तोडायचा नाही, दार बंद करा. २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे एस. पी. ओसवाल यांना खोटं कोर्ट भरवून, तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांचा तोतया बसवून सात कोटींना लुटलं. १ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. घरात एवढंच ठरवून ठेवा: ‘कोणाला सांगू नका’ असं कोणी म्हणालं की त्याच क्षणी कॉल तोडायचा आणि घरच्या एका माणसाला सांगायचं.

१७. पण पोलिसांची खरी नोटीस व्हॉट्सॲपवर येऊ शकते ना? आणि ई-चलन तर मोबाइलवरच येतं!

हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. आलीच तर कॉलवर काही न बोलता जवळच्या ठाण्यात जाऊन दाखवा.

ई-चलनाचा एसएमएस मात्र खरा असू शकतो. दुव्याला हात न लावता वाहतूक पोलिसांचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून गाडीचा नंबर घाला. चलन असेल तर तिथे दिसेलच. व्हॉट्सॲपवर शेवटी ‘एपीके’ लिहिलेली फाइल आली, मग ती चलनाची असो, लग्नपत्रिकेची असो की बँकेची, उघडायची नाही. ते ॲप असतं आणि तुमचे ओटीपी वाचतं. उघडली असेल तर विमान मोड लावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. खऱ्या एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी आता एक इंग्रजी अक्षर असतं: जी म्हणजे सरकारी, टी व्यवहाराचा, एस सेवेचा, पी जाहिरातीचा.

१८. पैसे गेले. आता पहिलं काय करू?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, आत्ता. लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, आणि बँकेला सांगून खातं, कार्ड बंद करा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवतो. ते मध्येच अडवायचे तर पहिला तास महत्त्वाचा. आधी ठाण्यात जाऊन एफआयआर हवाच असं नाही, तो नंतर होतो. लाजेपायी रात्र घालवू नका. २०२४ मध्ये देशात सायबर चोरांनी २२,८४५ कोटी रुपये नेले, म्हणजे तुम्ही एकटे नाही.

१९. ओटीपी मीच सांगितला होता. तरी बँक पैसे देईल का?

इथे उत्तर कडू आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार तुमची आणि बँकेचीही चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत तुमचं. ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंत गेलेली रक्कम तुमच्या माथी. पण कळवल्यानंतर एक रुपया गेला तरी तो बँकेचा. म्हणून फोन केल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

२०. मी काही केलं नाही. दुकानात गिऱ्हाइकानं यूपीआय केलं आणि माझं खातंच गोठलं!

हा प्रश्न छोट्या दुकानदारांकडून वाढत चालला आहे. चोरीच्या पैशातून कोणी तुमच्याकडे खरेदी केली की तक्रारीचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि बँक खातं गोठवते. शाखेत भांडून उपयोग नाही, खातं परराज्यातल्या ठाण्याच्या सांगण्यावरून गोठलेलं असू शकतं. बँकेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तक्रारीचा पोचक्रमांक, ठाण्याचं नाव, वादातली रक्कम. मग त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलनं बिल, मालाची नोंद आणि असेल तर दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पाठवा. वाद ४०० रुपयांचा असेल तर तेवढेच रोखून बाकीचं खातं मोकळं करा, अशी मागणी लेखी करा. उत्तर येईपर्यंत गल्ल्यासाठी दुसऱ्या बँकेतला क्यूआर लावा, आणि आधीच्या खात्यावर कर्जाचा हप्ता असेल तर त्या बँकेला आजच कळवा.